चौथी तार

नाट्यगृहाच्या मागच्या दाराने आत शिरलं की डाव्या भिंतीला लागून एक लोखंडी जिना आहे. एकेचाळीस पायऱ्या चढून गेलं की रंगमंचाच्या छताखालचा माळा लागतो. माळा म्हणजे काय, तर जाळीच्या पत्र्याच्या अरुंद पायवाटा, कमरेइतका कठडा आणि पायाखाली, जाळीतून थेट दिसणारा, तीन मजले खोल रंगमंच. एकोणीस वर्षं त्या माळ्यावर एका बाईचं राज्य होतं. तिला सगळे अक्का म्हणायचे. दिवे, पडदे, कागदी चंद्र, लाकडी झुंबरं, जे काही नटांच्या डोक्यावर टांगायचं असेल ते अक्काच्या नजरेखालून गेल्याशिवाय वर चढत नसे.

खरं तर ती तिथे आली होती पडदे शिवायला. एकदा प्रयोगाच्या दिवशी वरची झालर उसवली. खाली उतरवायला वेळ नव्हता, कोणीतरी वर जाऊन शिवायला हवी होती. शिवणखात्यातल्या बाकीच्या दोघींनी हात वर केले. अक्का गेली. कठड्याला पोट टेकवून, डोळे सुईच्या टोकावर गाडून तिने हातभर शिवण घातली आणि खाली आली तेव्हा तिचे पाय असे लटपटत होते की शेवटच्या चार पायऱ्या ती बसून उतरली. माळ्यावरचा जुना मिस्त्री हे बघत होता.

"घाबरलीस?" त्याने विचारलं.

"मरणाची."

"मग उद्यापासून माझ्याकडे ये. न घाबरणाऱ्या माणसाला मी वर घेत नाही."

मिस्त्रीने तिला सगळं शिकवलं आणि निवृत्त होऊन लेकीकडे निघून गेला. भीती मात्र गेली नाही. रोज पहिल्या पायरीवर पाय ठेवला की पोटात गोळा यायचा, तो शेवटचा प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत तिथेच असायचा. पाना, हातोडी, पक्कड, प्रत्येक अवजार दोरीने कमरेला बांधलेलं. गळ्यात माळ नाही, हातात बांगडी नाही, खिशात नाणंसुद्धा नाही. तार आवळून झाली की तार आणि तिला पकडून ठेवणारा क्लॅम्प मिळून दोघांवर ती नखांना लावायच्या लाल रंगाची एक बारीक रेघ ओढायची. तार केसभर जरी सरकली तरी रेघ तुटलेली दिसते. "बाकीच्यांच्या बायका नखं रंगवतात, माझी लोखंड रंगवते," असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा. तो कारखान्यात लेथ चालवून आता घरी बसला होता, आणि बायकोच्या भित्रेपणाचे किस्से हा त्याचा हक्काचा विषय होता.

पण एक किस्सा त्यालाही माहीत नव्हता. आठ वर्षांपूर्वी गाण्याच्या एका कार्यक्रमात वरचा एक दिवा निसटून खाली आला होता. अकरा किलोचा. बासरी वाजवणाऱ्या माणसाच्या उजव्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर तो आपटला आणि फळीला भोक पडलं. बोल्ट जुना होता, झिजला होता, असं सगळ्यांनी ठरवलं. प्रत्येक दिव्याला बोल्टखेरीज एक आखूड तार बांधतात, बोल्ट गेला तरी दिवा त्या तारेवर लटकून राहावा म्हणून. या दिव्याची ती तार तुटली असणार, असंही सगळ्यांनी ठरवलं. ती तुटली नव्हती. ती अक्काच्या एप्रनच्या खिशात होती. दिवा बसवताना कोणीतरी खालून हाक मारली, 'येऊन बांधते' म्हणून ती गेली, आणि विसरली. त्या दिवशी घरी जाऊन तिने ती तार धान्याच्या डब्यामागे लपवली आणि तोंड शिवलं.

माळ्यावर तिच्या हाताखाली तिचा दीर होता. नवऱ्याचा धाकटा भाऊ, पण तोही आता पंचेचाळीसचा. कारखाना बंद पडल्यावर वहिनीनेच त्याला इथे लावून घेतलं होतं. हात मजबूत, स्वभाव बोलघेवडा, आणि भीती म्हणाल तर शून्य. "वहिनी, तू दोघांच्या वाटची घाबरतेस, मग मी कशाला घाबरू?" असं म्हणून तो पायवाटेवरून शीळ घालत फिरायचा. मिस्त्री असता तर त्याने याला वर घेतलं नसतं, हे अक्काला कळत होतं. पण घरचा माणूस.

तर त्या हिवाळ्यात बाहेरगावची एक मोठी नाटक कंपनी आली. नाटकात एक होडी होती. खरीखुरी लाकडी, दीडशे किलोची. पहिल्या अंकात ती वर, झालरीच्या मागे, लपलेली राहायची. मध्यंतरात खाली यायची, नायिका तिच्यात बसायची, आणि दुसऱ्या अंकात होडी नायिकेसकट हळूहळू हवेत चढायची. खाली निळे कपडे घातलेले आठ नर्तक लाटा व्हायचे. लोक म्हणे श्वास रोखून बघायचे.

होडीच्या चार कोपऱ्यांना चार तारा, त्या वर एका लोखंडी चौकटीला अडकवलेल्या, आणि चौकट विजेच्या मोटारीने वरखाली होणारी. सामान उतरवताना चारपैकी एक तार पिळलेली निघाली. अक्काने ती बाजूला काढली आणि नाट्यगृहातली नवी तार कापून द्यायला सांगितलं. तिचा उजवा खांदा महिनाभर आखडला होता, पाना फिरवताना डोळ्यांपुढे तारे चमकायचे. म्हणून ती चौथी तार दिराने बांधली.

"प्रत्येक कोपऱ्याला एक जादा पट्टाही लावूया," अक्का कंपनीच्या नेपथ्यकाराला म्हणाली. "तार गेली तर पट्टा धरेल."

नेपथ्यकार तरणाबांड, दाढीवाला, तीन रात्री न झोपलेला होता. "अक्का, होडी तरंगायला हवी. पट्टे लावले तर पार्सल दिसेल."

अक्काने मान डोलावली. आपण मान का डोलावली, हे तिने नंतर स्वतःला शंभरदा विचारलं.

सकाळी तपासणी झाली. एक, दोन, तीन तारा तिने बॅटरी लावून पाहिल्या. चौथीवर तिने लाल रेघ तेवढी ओढली, तोवर खालून मॅनेजरची हाक आली: आगीच्या खात्याचे साहेब आले होते, सुरक्षेचा पडदा पाडून दाखवायचा होता. ती खाली गेली. तासाभराने मॅनेजरने तपासणीचा कागद पुढे केला. चार तारा, चार रकाने, चार सह्या. चौथ्या रकान्यापाशी तिचं पेन क्षणभर थांबलं. दिराने वीसेक वर्षं लोखंडात काढलेली. तिने सही केली.

प्रयोग दुपारी साडेतीनचा होता. नाट्यगृह भरलं होतं. पहिला अंक सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली असतील. अक्का माळ्यावर, कानावर हेडफोन, तोंडाशी माइक. दीर खाली विंगेत मोटारीच्या बटणांपाशी. होडी अक्काच्या पायवाटेपासून हातभर खाली, अंधारात निमूट लटकलेली. सवयीने तिने हाताच्या मुठीत बॅटरी झाकून एकेका रेघेवर उजेड टाकला. पहिली अखंड. दुसरी अखंड. तिसरी अखंड.

चौथी तुटली होती.

फार नाही. तारेवरची लाल खूण क्लॅम्पवरच्या खुणेपासून ज्वारीच्या दाण्याएवढी खाली आली होती. अक्काने डोळे मिटले, उघडले. उजेडाचा खेळ असेल. सकाळी हात हलला असेल. ती गुडघ्यावर बसली, कठड्याखालून हात घातला आणि क्लॅम्प चमकू नयेत म्हणून दिराने त्यांच्या मधोमध गुंडाळलेली काळी चिकटपट्टी सोलली.

तार अशी बांधतात: टोक कडीतून ओवून मागे दुमडायचं आणि दोन्ही पदर एकत्र धरून वर तीन क्लॅम्प आवळायचे. क्लॅम्पची एक बाजू सपाट खोबणीची असते, दुसरी वाकवलेल्या सळईची. खोबण यायला हवी ती भार पेलणाऱ्या लांब पदरावर. सळई आखूड शेपटावर. उलटं झालं तर सळई भाराच्याच पदरात रुतते, त्याला चेपते, आणि वजन पडलं की आतून एकेक धागा तुटू लागतो. दिराने तिन्ही क्लॅम्प उलटे लावले होते. तिन्ही. छान घट्ट आवळलेले, आणि उलटे.

जाळीतून खाली तिला लाटा दिसल्या. नायिका किनाऱ्यावर उभी राहून गात होती आणि आठ नर्तक तिच्याभोवती, बरोबर होडीच्या खाली, पाठीवर लोळत होते. एकीचा चेहरा सरळ वर होता. ती हसत होती. वरचं तिला काही दिसत नव्हतं.

बोल, असं अक्का स्वतःला सांगत होती. माइक ओठांपाशी होता. जीभ टाळूला चिकटली होती. आणि खरं सांगायचं तर नुसती जीभच नव्हती. डोक्यात एकदम गर्दी झाली होती. प्रयोग थांबवला तर सगळे विचारतील का. मग दिराचं नाव येईल. मग तो कागद येईल, आणि त्यावरची सही. मध्यंतर वीस मिनिटांवर होतं. दीडशे किलो तर सकाळपासून लटकतायत. वीस मिनिटं आणखी लटकतील. मध्यंतरात गुपचूप खाली घेऊ, क्लॅम्प फिरवू, कोणाला पत्ता लागणार नाही. तिने एका हाताने तारेला स्पर्श केला. तार बारीक थरथरत होती, की तिचा हात थरथरत होता, तिला कळेना. तेवढ्यात आत कुठेतरी टिक् असा आवाज झाला. नख मोडावं एवढाच.

अशी चार मिनिटं गेली. नायिकेच्या गाण्यावरून नंतर नेमका हिशेब लागला, चार मिनिटं. ती चार मिनिटं अक्काने पुढे कधीच स्वतःला माफ केली नाहीत.

"पडदा पाडा," ती म्हणाली.

"काय?" मॅनेजरचा आवाज आला.

"प... पडदा पाडा. सगळ्यांना मागे घ्या, भिंतीपर्यंत. होडीखाली कोणी नको. आत्ता. आत्ता!"

शेवटचा शब्द इतक्या जोरात निघाला की पहिल्या चार रांगांतल्या लोकांनी वर पाहिलं. पडदा पडला. गाणं मध्येच तुटलं. पडद्यापलीकडे आठशे माणसांची कुजबुज सुरू झाली, आणि जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. नेपथ्यकार वर आला, त्याच्यामागे दीर.

"काय झालं? काय झालं काय?" नेपथ्यकाराच्या हातात तपासणीचा कागद होता. अक्काने बॅटरी तारेवर धरली. त्याने पाहिलं. "एवढंसं? अक्का, एवढ्याशासाठी प्रयोग थांबवला? सही तुमचीच आहे ना ही?"

"वहिनी, मी स्वतः आवळलंय," दीर म्हणाला. "अंगातली सगळी ताकद लावून."

"आवळलंत बरोबर, भावोजी. उलटं आवळलंत. आणि मी न बघता सही केली."

दिराने वाकून पाहिलं. एरवी शीळ घालणारा तो माणूस, त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना अक्काने बॅटरीच्या उजेडात पाहिला.

"मी तपासलं नाही," ती पुन्हा म्हणाली.

नेपथ्यकाराने कपाळ चोळलं. "हे बघा, सकाळपासून धरलंय. पहिला अंक संपवू, मध्यंतरात दुरुस्त करू. पडलेला पडदा म्हणजे काय असतं तुम्हाला कळतंय का? कंपनीचं नाव जाईल."

एवढ्यात हेडफोनमधून वेगळाच आवाज आला. नायिकेने मॅनेजरच्या कानावरून हेडफोन काढून स्वतः घातला होता. बाई चाळिशीच्या, धाप लागलेल्या.

"अक्का, मला एवढंच सांगा. मी त्यात बसू की नको?"

"नका बसू."

"पडेल ती?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"माहीत नाही म्हणजे पडेल असंही नाही, बाई. कदाचित वर्षभर नाही पडणार." हेडफोनच्या त्या लाइनवर दिव्यांचा माणूस ऐकत होता, आवाजाचा माणूस ऐकत होता, मॅनेजर दुसऱ्या हेडफोनवर ऐकत होता. तिला ते ठाऊक होतं. "आठ वर्षांपूर्वी इथे दिवा पडला होता. बासरीवाल्याशेजारी. तार तुटली असं सगळे म्हणाले. तार तुटली नव्हती. मी बांधलीच नव्हती. ती माझ्या खिशात होती. मी कोणालाही सांगितलं नाही. आज पुन्हा न बघता सही केली. आता तुमच्या पाया पडते, बसू नका. त्या मुलींनाही खाली उभं करू नका."

मग नायिका म्हणाली, "ठीक आहे. होडी खाली घ्या. तोवर आम्ही कोणी रंगमंचावर पाऊल टाकत नाही."

नेपथ्यकार कठड्याला टेकून मटकन खाली बसला.

आता खरं कठीण काम होतं. तशीच खाली घ्यायची तर मोटार सुरू होताना झटका बसणार, आणि झटक्यालाच तर तार भीत होती. एक कोपरा सुटला तर उरलेल्या तिन्हींवर एकदम भार जाणार. आधी त्या कोपऱ्याला दुसरा पट्टा घालायला हवा होता, आणि पट्टा घालायला कठड्याबाहेर, पोकळीत, अर्धं अंग झोकायला हवं होतं.

"मी जातो," दीर म्हणाला.

"तुमचे हात बघा."

त्याने हात पुढे केले. पानासारखे कापत होते. "तुझे तरी कुठे स्थिर आहेत?" तो म्हणाला.

"माझे रोजच कापतात. मला त्याची सवय आहे. तुम्ही माझ्या कमरेचा पट्टा धरा."

तिने कमरेचा पट्टा कठड्याला अडकवला, आकडा दोनदा ओढून पाहिला, मग तिसऱ्यांदा. कठड्याखालून ती छातीपर्यंत बाहेर सरकली. जाळीची कड बरगड्यांत रुतली. खाली रिकामा, उजेडाने भरलेला रंगमंच गरगरत होता. मागून दिराने तिच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं आणि तो सारखं पुटपुटत होता, "मी धरलंय, वहिनी. मी धरलंय." उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तिने डाव्या हाताने पट्टा होडीच्या कडीतून ओवला. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा पलीकडून टोक हाताला लागेना. नेपथ्यकार पोटावर पडून बाजूने सरकला आणि त्याने लांब हाताने ते टोक पकडून तिच्या बोटांत दिलं. तिने ते चौकटीवरून घेतलं, आकडा बसवला, खटका ओढला. पट्टा ताणला जाईपर्यंत ओढत राहिली. शेवटी दिराने पाय धरून तिला आत घेतलं तेव्हा ती लहान मुलासारखी हुंदके देत होती, आणि थांबवता येत नव्हते.

दिराने खाली जाऊन मोटारीची बटणं धरली; होडी खाली यायला नऊ मिनिटं लागली. बोटभर बोटभर. फळीला टेकल्यावर दिराने पाना घेतला आणि क्लॅम्प उघडले. तार चपटी झाली होती. तीन धागे तुटलेले, टोकं केसांसारखी बाहेर आलेली. नेपथ्यकाराने बोट फिरवून पाहिलं. "एवढ्याने पडली नसती," तो हळूच म्हणाला. मग जरा थांबून, "बहुतेक."

ती पडली असती की नाही, हे आजपर्यंत कोणाला ठाऊक नाही.

प्रयोग पाऊण तासाने पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या अंकात होडी जमिनीवरच राहिली. नायिका तिच्यात उभी राहिली आणि आठ लाटांनी खांद्याला खांदा लावून होडी इंचाइंचाने ढकलत नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी तिकीट परत मागितलं. नायिका जाताना अक्काला शोधत जिन्यापाशी आली, पण अक्का तिला भेटली नाही. ती शिवणखात्यात पडद्यांच्या गठ्ठ्यावर बसली होती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने लेखी हकीकत मागितली. घरी नवरा म्हणाला, "तुझी चूक तू लिही. पण भावाचं नाव कशाला घालतेस?"

"नाव नाही घातलं तर क्लॅम्प आपोआप उलटे लागले असं होईल."

"त्याला दोन पोरं आहेत."

"त्या नाचणाऱ्यांच्या घरीही कोणीतरी असेलच की."

तिने दोघांची नावं लिहिली. आधी स्वतःचं. दिव्याचंही लिहिलं. तिला महिनाभर घरी बसवलं, दिराला माळ्यावरून काढून प्रेक्षागृहाच्या दारांवर लावलं. तो दोन महिने भावाकडे फिरकला नाही. जाऊ फोनवर म्हणाली, "अक्का, तुम्ही फार मोठ्या मनाच्या, आमचं काय." अक्काने ते ऐकून घेतलं.

घरी बसल्याचा तो महिना सगळ्यात वाईट. पंख्याखाली तिला बसवेना. ताट घेऊन ती दाराच्या चौकटीत बसायची. पहाटे दचकून उठायची, टिक् असं कानात वाजलेलं असायचं. नवऱ्याने पहिल्या आठवड्यात थट्टा केली, दुसऱ्या आठवड्यात पलंग पंख्याखालून ओढून खिडकीशी नेला आणि त्यावर एक शब्द बोलला नाही. त्यानंतर तिच्या भित्रेपणाचे किस्से त्याने कोणाला सांगितल्याचं ऐकिवात नाही.

महिन्याने ती परत गेली. पहिल्या दिवशी सतरा पायऱ्या चढून खाली आली. दुसऱ्या दिवशी पूर्ण चढली आणि जाळीवर पाच मिनिटं नुसती बसली. नाट्यगृहात आता नियम झाला होता: एकाने बांधायचं, दुसऱ्याने उघड्या डोळ्यांनी बघायचं, आणि दोघांच्या सह्या वरच, तारेपाशी उभं राहून. खाली टेबलावर नाही. तिच्या जोडीला दुसरी एक बाई आली, आधी बांधकामावर परांचीचं काम केलेली, कमी बोलणारी. दीर तिसऱ्या महिन्यात एका रविवारी भावाकडे जेवायला आला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. निघताना चपला घालत तो वहिनीकडे न बघता म्हणाला, "मला अजून स्वप्न पडतं. तुझा पट्टा माझ्या हातातून सुटतो."

"सुटला नाही ना," अक्का म्हणाली.

"नाही."

"मग झालं."

झालं मात्र नव्हतं, दोघांनाही माहीत होतं. पण तो पुढच्या रविवारीही आला.

परवा एका शाळेचं संमेलन होतं. त्यांच्या चित्रकलेच्या बाईंनी कापसाचे मोठे मोठे ढग करून आणले होते, वर टांगायला. अक्का खाली उतरली आणि प्रत्येक ढग हातात घेऊन, उलटा करून बघू लागली.

"अहो, कापूस आहे तो," बाई हसत म्हणाल्या. "पडला तरी काय होणार?"

"कापूस असू दे," अक्का म्हणाली. "तो आतल्या कशाला बांधलाय, ते दाखवा."

बाईंनी कापूस बाजूला केला. आत लाकडी रिळं होती, एकेक चांगलं पावशेराचं. अक्काने जोडीदारणीला हाक मारली आणि दोघी मिळून ती एकेक करून काढू लागल्या.